सगुणने केलेली सरबराई

समुद्र आणि सह्याद्री यांच्या बेचक्यात गोवा नावाचं चिमूटभर राज्य. पोट भरायला मासळी, काजू, खनिज आणि पर्यटक. तिथल्या एका गावात सगुण नावाचा भोळा गृहस्थ राहत होता. त्याच्या वाट्याला पर्यटक आले. पर्यटकांचं नशीब, दुसरं काय!

त्याच्या बायकोने, प्रेमावतीने, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी रंगवल्या होत्या. शनिवारी परवान्याचे साहेब घर बघायला येणार होते. परवाना मिळाला तर ठीक, नाहीतर मासळीची पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर. तोवर सराव म्हणून ओळखीतलं अकोल्याचं जोडपं राहायला आलं.

"पाहुण्यांना समुद्रावर न्या," प्रेमावती म्हणाली.

सगुणने नेलं. ओहोटी होती. दोघं गुडघाभर चिखलात रुतली.

"अहो, भरती येईपर्यंत थांबवायचं ना त्यांना."

"बरं," सगुण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धबधब्याला जायचं होतं. फाट्यावर बस आली. पाहुणे चढायला लागले, तर सगुण आडवा.

"थांबा. भरती येऊ दे."

बस गेली. भरती काही फाट्यावर आली नाही.

प्रेमावतीने कपाळाला हात लावला. "अहो, गाडी दिसली की हात धरून चढवायचं. विचारत बसायचं नाही."

"बरं."

तिसऱ्या दिवशी पहिली गाडी दिसली ती खनिजाचा ट्रक. सगुणने दोघांना हात धरून मागच्या हौद्यात चढवलं. विचारत बसला नाही. संध्याकाळी जोडपं परतलं ते नखशिखांत तांबडं. नवरा कोण नि बायको कोण, ते आवाजावरून ओळखावं लागलं.

प्रेमावती रडकुंडीला आली. "उद्या साहेब येणार आणि घरभर ही माती. दारात लाल माणूस दिसलं की आधी विहिरीवर न्यायचं. पाणी ओतायचं, घासायचं, लाली जाईपर्यंत सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं गो." आणि या खेपेला त्याला खरंच कळलं होतं.

शनिवारी प्रेमावती बाजारात गेली आणि इकडे साहेब आले. हातात सही-शिक्क्याचा परवाना, अंगात नवाकोरा लाल शर्ट.

ती परतली तेव्हा परवान्याची शाई माडाच्या आळ्यात वाहत होती. साहेब काथ्याच्या घासणीखाली कण्हत होते. सगुण घामाघूम झाला होता.

"तू जेवणाचं बघ," तो म्हणाला. "सत्तावीस घागरी ओतल्या, लाली हटत नाही. आता विहिरीतच भिजत घालतो."