कापसाचे ढग

"मग चुकलं कुठे माझं, अक्का? सांगा ना!"

शर्वरीनं विचारलं. गोदाक्का भिंतीला पाठ टेकून, बालवाडीत गोल करून बसलेल्या पोरांकडे नुसत्या बघत राहिल्या...

साऱ्या पंचक्रोशीतल्या बालवाडीच्या बाया या अक्कांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यातली शर्वरी सगळ्यात हुशार. आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

गेल्या वैशाखात या माळावरच्या गावाला वादळानं पार झोडपलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की पोरं आईच्या पदरात शिरायची. शर्वरीनं विडाच उचलला. भीती घालवून दाखवते म्हणाली!

मग काय विचारता! कापसाचे ढग झाले, चंदेरी कागदाच्या विजा झाल्या, बाटलीत खडे खुळखुळवून पाऊस झाला. ती स्वतः पत्र्याचा तुकडा गदागदा हलवून गडगडाट करायची. पोरं दचकली की म्हणायची, "दचकायचं नाही. हसायचं!" हसेल त्याच्या कपाळाला कागदी चांदणी.

आज मोठ्या हौसेनं तिनं अक्कांना बोलावलं, सगळं दाखवलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "पोरं फार शहाणी झालीत गं." ते तिला झोंबलं.

ती पुन्हा विचारणार, तेवढ्यात भरदुपारी अंधारून आलं.

वारा सुटला. दार धाडकन आपटलं. शर्वरी स्वतःच दचकली, पण चेहऱ्यावर तिनं हसू आणलं. सवयच लागली होती ना! पोरंही तिच्याकडे बघून हसली आणि पुन्हा कापूस चिकटवायला लागली.

वर कर्र्र आवाज झाला. छताचा एक पत्रा खिळ्यांतून सुटला होता. वाऱ्यानं उचलायचा, आपटायचा. फटीतून काळं आभाळ दिसत होतं. आणि बरोबर त्याच्याच खाली पोरांचा गोल.

"चला मुलांनो, उठा बरं. खिचडीच्या खोलीत चला." ती खोली पक्क्या स्लॅबची होती.

कुणी हललं नाही.

"आम्ही नाही घाबरत, बाई," सोपान म्हणाला.

"अरे, उठा म्हणते ना!"

"बाई गंमत करतायत," रुक्मी म्हणाली. "बघा की, हसतायत."

शर्वरीनं हसू पुसायचा प्रयत्न केला. जाईना! जबडा जणू गोठून गेला होता. तिनं सोपानला दंडाला धरून ओढलं, तर तो खिदळत पुन्हा खाली बसला.

पत्र्यावर दाबाला ठेवलेला धोंडा गडगडत बाहेर पडला. पोरं हसली. रुक्मीही हसली... तिच्या फ्रॉकखालची सतरंजी ओली होत होती.

"अगं आई आई गंऽऽ!"

अक्का किंचाळल्या. "मेले गं बाई! मला भ्या वाटतंय! धरा रे मला कुणीतरी!"

आणि लुगड्याचा ओचा सावरत ती सत्तरीची बाई खिचडीच्या खोलीकडे पळत सुटली.

पोरं क्षणभर बघत राहिली. मग सोपाननं भोकाड पसरलं. त्याच्यामागे सगळ्यांनी. कापूस, कागद टाकून एकच झुंबड अक्कांच्या मागे धावली. रुक्मीला मात्र उठताच येईना. शर्वरीनं तिला उचलून कवटाळलं आणि उंबरा ओलांडला.

मागे पत्रा कोसळला. कापसाच्या ढगांवर.

आत पोरं रडत होती, एकमेकांना घट्ट धरून. शर्वरीनं त्यांची डोकी मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती. ती मटकन खाली बसली. जीव भांड्यात पडला तसे डोळे वाहायला लागले.

"कमाल केलीत, अक्का," ती हुंदके देत म्हणाली. "काय सोंग वठवलंत! खोटं खोटंच घाबरलात ना?"

अक्कांनी हात पुढे केला. हातातल्या बांगड्या अजून थरथर वाजत होत्या...

"खोटं तू हसत होतीस, पोरी."