ठकूकाकूंचा बोळा

फार वर्षांपूर्वी, सोनखडीला अजून गाडीरस्ताही नव्हता तेव्हा, तिथल्या महादेवाची पूजा ठकूकाकू गुरवीण करायच्या. नवऱ्यामागं बाईनं घंटा वाजवावी म्हणून चार लोकांनी नाकं मुरडली. पण घंटा एक दिवस चुकली नाही, तेव्हा नाकं आपोआप सरळ झाली.

एके साली पाऊस पार रुसला. गावानं देव पाण्यात ठेवायचं ठरवलं. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर पडतं त्या गोमुखाला चिंध्यांचा बोळा ठोकायचा, गाभारा भरायचा, पिंड बुडवायची. देव गुदमरला की पाऊस धाडतो, अशी जुनी समजूत. पाटलांनी दवंडी पिटली, पिंड बुडेपर्यंत बारवेचं पाणी देवाचं. बोळ्याची राखण काकूंकडे.

तीन दिवस घागरी ओतल्या. असं म्हणतात, पाणी पिंडीच्या गळ्याशी यायचं आणि तिथंच अडायचं. बारवेचा मात्र तळ दिसला.

तिसऱ्या दुपारी वाटेवरची एक धनगरीण पायरीशी येऊन बसली. मांडीवरच्या तान्ह्याला रडायचंही त्राण नव्हतं.

"घोटभर द्या, आई. अंगावरचं दूध आटलंय."

काकूंनी गोमुखाकडे पाहिलं. बोळा काढावा तर गावाचा पाऊस घालवल्याचं पाप माथी, देऊळही सुटणार. न काढावा तर पोर डोळ्यांदेखत जाणार. त्यांनी बोळा उपसला.

पाटील धावत आले. "काकू, देव उघडा पाडलात."

"तीन दिवस पाण्यात बसलाय, पाटील. त्याची तहान भागली. हिची बघा."

धनगरीण प्याली, पोराचे ओठ भिजवले. थोड्या वेळानं पोर टाहो फोडून रडलं, आणि काकूंच्या छातीवरची धोंड उतरली. मग पाटलांनीच गोमुखाखाली घागर लावली. असं म्हणतात, गाभारा कोरडा पडला तरी गोमुख वाहत राहिलं, ते गावातली शेवटची घागर भरेपर्यंत. कुणी म्हणतं, पिंडीखाली झरा होता. असेल. पाऊस आला तो महिन्यानं, त्याच्या सवडीनं.

सोनखडीत त्यानंतर देव कधी पाण्यात ठेवला नाही. चैत्री अमावास्येला आजही पूजेआधी अख्खा गाव फाट्यावर उभा राहतो आणि एसटी थांबवून परक्यांना पाणी पाजतो. एरवी देवळाची पायरी न चढणारी शिकलेली पोरंही तांबे घेऊन पुढं असतात.

"देव मानत नाहीस, मग इथं कसा रे?" पुजाऱ्यानं एकाला छेडलं.

"काकूंना मानतो की."

पुजाऱ्यानं त्याच्या खांद्यावर आणखी एक घागर दिली.