कडू हाकलले त्या राज्याची तूर

एका राज्यात मधुसेन नावाचा राजा होता. नाव तशी जीभ. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला चघळायची तिथली रीत. एका पाडव्याला राजाने तो थुंकला आणि हुकूम सोडला, "आजपासून माझ्या राज्यात कडू नको." राजा बोले, दल हाले! दुसऱ्या दिवशी राज्यातल्या साऱ्या कडुनिंबांनी आपापली मुळे उपसली आणि ते रांगेने हद्दीपार चालते झाले. लोक दारात उभे राहून बघत होते. हाक मात्र कुणी मारली नाही.

राजाच्या कोठाराची राखण साळूबाईकडे. तुरीच्या कणग्या लिंपताना शेणात कडुनिंबाचा पाला कुटून घालायचा, हे ती आईकडून शिकलेली. पण हुकूम तो हुकूम. तिने पाल्याऐवजी गुळवणी घातली. मन कचरले, तरी घातली.

मग काय, व्हायचे तेच झाले. भुंगे आले. दाण्यादाण्याला भोक पडले. बारा कणग्यांचे पीठ झाले. उरली एक, बियाण्याची. तिच्यातून आवाज आला, "कडू हाकललंत. आता गोड सगळं आमचं."

ती कणगी गेली की पेरणी नाही, आणि कुणाच्या घरी वरण नाही. साळूबाईने कपाळ बडवले. "माझ्याच हाताने केलं गं बाई!"

आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "रडून बी वाचत नाही. तीन गोष्टी लागतील. निंबोळी आण, वेखंड आण. तिसरी मग सांगेन."

साळूबाई हद्दीपार गेली. तिथे माळावर कडुनिंबांचा सगळा गोतावळा उभा. थोरल्या झाडाने विचारले, "कुणाच्या हुकमाने आलीस?"

"कुणाच्याच नाही. गुळवणी मी घातली. चुकले मी."

झाडाने फांद्या हलवल्या. मग निंबोळ्यांचा सडा पडला, आणि वर एक कोवळी डहाळी.

पुढे वेखंडाची दलदल. दलदल बोलली, "माझं मूळ उगाळून बाळाला चाटवतात, बोल फुटावा म्हणून. मूळ हवं तर तुझा बोल ठेवून जा. भुंगे हटले की परत मिळेल." साळूबाईने मान डोलावली. तेवढ्यात बोल गेलासुद्धा.

परतून तिने निंबोळीचे तेल काढले, वेखंड कुटून त्यात कालवले, आणि तूर दाणा न दाणा चोळली. कणगीतली कुरकुर निम्मी झाली, थांबली नाही.

साळुंकी म्हणाली, "तिसरी गोष्ट राजाच्या तोंडात आहे. ज्याने पाला थुंकला, त्यानेच तो चघळायचा."

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मुकी साळूबाई भर दरबारात शिरली. ओटीतली किडकी तूर तिने सिंहासनापुढे ओतली. दाण्यादाण्यातून एकेक भुंगा निघाला. मग तिने डहाळी पुढे केली. खांद्यावरची साळुंकी बोलली, "महाराज, चघळा."

"नाही चघळली तर?"

"दिवस मावळेतो बियाणं संपेल."

राजाने डोळे मिटले आणि पाला तोंडात घातला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण थुंकला नाही. गिळला. त्या क्षणी कणगी अशी शांत झाली की साऱ्या नगराला ती शांतता ऐकू आली. मेलेले भुंगे वाळूसारखे ओघळले. आणि वेशीतून कडुनिंब चालत आले, एकामागून एक, आणि आपापल्या खड्ड्यात उभे राहिले.

राजाने हळूच विचारले, "साळूबाई, ही तूर आता कडू लागेल का?"

साळूबाईचा बोल परत आला होता. "धुतली की कडू जातं, महाराज. माणूस धुऊन खातो. भुंग्याला धुता येत नाही."

त्या वर्षी तूर पेरली, तूर उगवली, चुलीचुलीवर वरण शिजले. तेव्हापासून पाडव्याचा पहिला पाला राजा चघळतो, आणि लिंपायच्या शेणात पाल्याची पहिली मूठ साळूबाई घालते. झाडे आहेत जागच्या जागी. पण मुळे, म्हणतात, त्यांनी अजून सैलच ठेवली आहेत.