अ‍ॅम्प्लिफायर आणि फिल्टर

फार वर्षांपूर्वी, पिठाची गिरणी सुरू झाली की गावभरचे दिवे मंद व्हायचे, तेव्हाची ही गोष्ट. नलूताई परचुऱ्यांकडे एक जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. वारलेल्या अक्काच्या गाण्याची टेप त्या रोज संध्याकाळी त्याच्यावर ऐकत. विजेतली करकर गाण्यात येऊ नये म्हणून त्यांनी एक छोटा फिल्टर आणून अ‍ॅम्प्लिफायरच्या विजेच्या वायरीत मध्ये जोडला.

"करकरीचं माझ्याकडे सोड," फिल्टर म्हणाला, आणि करकर खरंच थांबली. पण आधीच कमी असलेलं व्होल्टेज त्याच्यातून येताना आणखी घसरलं. तान वर चढली की अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बसू लागला. इतकी वर्षं सांभाळलेलं गाणं आपल्याच तोंडून विझतंय, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"माझं काही चुकतंय का?" फिल्टरने विचारलं.

"तुझं काम चोख आहे. पण माझं पोट भरत नाही रे."

नलूताईही अस्वस्थ झाल्या. "अक्का अशी दबून कधी गायली नाही," असं म्हणत त्यांनी फिल्टर काढला. करकर परतली, आणि अक्काचा मोकळा आवाजही.

बाजूला पडलेला फिल्टर तान संपेपर्यंत ऐकत राहिला.

"अशा गायच्या होय त्या?"

"हो," अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला. "घर भरून जायचं."