भरलेला खड्डा

“आबा, तिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

केतकी चौबळला लडाखमध्ये येऊन तीन आठवडे झाले होते. सात वर्षं कॅनडात, छपराखालच्या रिंकवर फिगर स्केटिंग शिकून ती आपल्या देशासाठी खेळायला परतली होती. तिला वाटलं होतं, या गोठलेल्या तळ्यावर आपल्या तोडीचं कोणी नसेल. इथल्या मुलींना आपणच चार गोष्टी दाखवू.

प्रत्यक्षात भेटली यांगचेन. सोळा वर्षांची. दोन मापं मोठे जुने स्केट्स, पुढे लोकर कोंबलेली. केतकीला दोन वर्षांत न जमलेली उडी ती गुणगुणत मारायची.

निवडचाचणी परवावर आली होती. राष्ट्रीय स्पर्धेला इथून एकच मुलगी जाणार होती.

आबा म्हणजे सुभेदार म्हस्के. साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाले आणि इथेच मुलींना शिकवत राहिले.

“कशापायी पाहिजे ते तुला?” त्यांनी विचारलं.

“मी तिच्यापेक्षा जास्त शिकलेय.”

“हां. मग?”

“…मग तीच का?”

आबांनी तिच्या हातात बादली दिली. “आज तिचे खड्डे तू भर.”

उडी मारताना स्केटचं टोक बर्फात रुततं, खड्डा पडतो. सराव संपला की प्रत्येकीने आपले खड्डे आपण भरायचे, हा तळ्यावरचा नियम. बर्फाचा भुसा पाण्यात कालवायचा, तळहाताने दाबून बसवायचा. मग आबा सगळीकडे पाणी शिंपडत. सकाळपर्यंत बर्फ एकसंध होई.

“मी? तिचे?”

“तिचेच.”

“दीदी, माझे लई हायेत हं!” यांगचेन हसत म्हणाली. मराठी तिने आबांकडूनच उचलली होती.

केतकी गुडघ्यांवर बसली. चाळीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. एकच उडी, पुन्हा पुन्हा: सगळे खड्डे हातभर जागेत होते. तिचे स्वतःचे तळंभर विखुरलेले असत.

मत्सराने तिने बादली बाजूला सारली.

एका खड्ड्यात तिने पाणी घातलंच नाही. कोरडा भुसा भरला आणि वरून हात फिरवला. दिसायला तो बाकीच्यांसारखाच झाला. वर पाण्याची साय धरली तरी खालून तो पोकळच राहणार होता; त्यावर पाय पडला तर रुतणार होता.

आबा काठावर उभे होते.

“भरले?”

“भरले.”

“सगळे?”

“…सगळे.”

आबांनी पाण्याची झारी उचलली. “उद्या बर्फावर पहिली तू उतर.”

सकाळी केतकी सगळ्यांच्या आधी आली. सोबत कालवलेला भुसा आणला होता. तो एक खड्डा गुपचूप नीट भरायचा आणि विसरून जायचं.

पण रात्रीतून तळ्यावर नवी साय धरली होती. कुठे खूण नाही, चरा नाही. तिने वाकून पाहिलं. बोटांनी ठोकून पाहिलं. एवढ्या मोठ्या तळ्यात ती हातभर जागाच सापडेना.

मुली आल्या. यांगचेन काठावर बसून लेस आवळू लागली.

“उतर ना दीदी. पाय गोठले माझे.”

केतकी हलली नाही. गप्प राहिलं तर कोणाला कधी कळणार नव्हतं. बोललं तर सात वर्षं इथेच संपणार होती.

“आबा, काल एक खड्डा मी कोरडा भरला. यांगचेनचा. मुद्दाम.”

यांगचेनचे हात लेसवर थांबले.

“कुठला?” आबांनी विचारलं.

“आता मलाच दिसत नाही.”

“चाचणीतून माझं नाव काढा,” केतकी म्हणाली. “तो सापडेपर्यंत मी सगळं तळं हाताने चाचपते. तोवर कोणी उतरू नका.”

तिने हातमोजे काढले आणि बर्फावर गुडघे टेकले.

आबांनी यांगचेनकडे पाहिलं. मग केतकीकडे.

“नाव राहील,” ते म्हणाले. “आज संध्याकाळी तुझे खड्डे यांगचेन भरील. उद्या चाचणीला त्यावर पहिली तू उतर.”