टेकडी कोण चढतं?

सरदार निंबाजीरावांचा घोडा पाखऱ्या इतका सुटला होता, की खोगिराचा पट्टा पोटाला पुरेना. सरदारांनी घोड्याची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला, येसबाला, हुकूम सोडला, "दसऱ्याच्या स्वारीआधी याला बारीक कर, नाहीतर गाव सोड." वर अटी घातल्या. चाबूक लावायचा नाही, पाठीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, आणि सरकार रोज सकाळी स्वतःच्या हातानं तुपातले लाडू भरवणार, ते बंद व्हायचे नाहीत.

येसबा रोज पाखऱ्याला टेकडीपाशी नेई. घोडा पायथ्याशीच उभा राही. त्याला हुरूप यावा म्हणून येसबा एकटाच टेकडी चढे, वरून हाका मारी आणि धापा टाकत खाली येई.

महिन्यानं सरदार लाडू घेऊन पागेत आले आणि भडकले, "घोडा तसाच! तू मात्र पार वाळलास!"

येसबा खांबाला टेकून म्हणाला, "उपाय लागू पडलाय, सरकार. टेकडी मी चढलो, मी वाळलो. लाडू त्यानं खाल्ले, तो फुगला. आता दसऱ्यापर्यंत उलट करून बघा."

सरदारांचा हात पाखऱ्याच्या तोंडापाशीच थांबला. मग त्यांनी तो लाडू येसबापुढे धरला.

येसबानं तो खाली बसून, सावकाश खाल्ला.