उंटाचा वैशाख

फार जुनी गोष्ट आहे. वाळवंटातल्या एका शहराच्या वेशीपाशी एक म्हातारा उंट बसायचा. थंडी पडली की पाहुण्यांची रीघ लागे. प्रत्येकासाठी उंटाने गुडघे टेकायचे, त्याला पाठीवर घेऊन उठायचे, तटाभोवती फिरवून आणायचे आणि पुन्हा गुडघे टेकायचे.

थंडीतच उत्तरेकडून एक करकोचा येई. शहरातले लोक त्याला दाणे टाकत. एका संध्याकाळी तो म्हणाला, "उंटदादा, काय गार वारा, काय कोवळं ऊन! इथे यावं तर याच दिवसांत."

"खरंय बाबा," सोललेले गुडघे वाळूत टेकवत उंट म्हणाला.

"तुम्हाला कुठला ऋतू आवडतो?"

"वैशाख. वाळू भाजते, विहिरी आटतात, माणसं दारं लावून बसतात. मग मला कोणी उठवत नाही."

करकोचा हळहळला. "मग पुढच्या खेपेला मी वैशाखातच येतो. निवांत बोलत बसू. थव्यालाही सांगतो."

उंटाने डोळे मिटले.

"नको रे. थंडीतही आधी एकच जण आला होता. माझ्याशी निवांत बोलायला."